‘आत्ता हे शरीरात कुठे जाणवतंय?’ या प्रश्नाला मला उत्तरच येत नाही

मितभाषी

नमस्कार. चार वर्षं इथे नुसती वाचत आलेय, लिहायची ही पहिलीच वेळ. विषय खासगी आहे, सांभाळून घ्या.

अडीच महिन्यांपासून मी एका थेरपिस्टकडे जाते. कारण असं, की नवरा कामासाठी आठ-पंधरा दिवस बाहेरगावी जातो, तो जाईपर्यंत मी अगदी व्यवस्थित असते. बॅग भरून देते, हसून निरोप देते. तो परत आला की मात्र दोन दिवस मला त्याच्याशी धड बोलता येत नाही. राग नसतो, रुसवा नसतो. मी नुसती बंद असते, शटर ओढल्यासारखी. तिसऱ्या दिवशी आपोआप उघडते. बारा वर्षं हेच चाललंय. मागच्या वेळी तो म्हणाला, "मी आलो की तुला आनंद होतो की नाही, मला खरंच कळत नाही गं." मला काही बोलता आलं नाही, कारण ते मलाही कळत नव्हतं.

थेरपिस्ट बोलण्याबरोबर शरीरावरही काम करतात. मी काही सांगत असले की मध्येच थांबवून विचारतात, "हे सांगताना आत्ता शरीरात कुठे काय जाणवतंय?" पहिल्यांदा मी म्हटलं, काही नाही. दुसऱ्यांदाही काही नाही. चौथ्या-पाचव्या वेळी लाज वाटायला लागली, शाळेत फळ्यापुढे उभं केल्यावर वाटते तशी. मग मी खोटं बोलायला लागले. "छातीत जड वाटतंय." सगळ्या व्हिडिओंमध्ये सगळ्यांना छातीतच जड वाटतं, म्हणून. गेल्या आठवड्यात त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, "जड म्हणजे कसं? वर ओझं ठेवल्यासारखं, की आतून खाली ओढल्यासारखं?" माझी बोबडी वळली.

मी ऑडिटमध्ये आहे. लोकांची खोटी व्हाउचरं पकडणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि मी स्वतःच्या छातीच्या नावावर खोटी व्हाउचरं फाडतेय. त्याचे पैसेही मीच भरतेय.

तर विचारायचं असं. एखाद्या माणसाला खरंच काहीच जाणवत नाही, असं असू शकतं का? की मी या प्रकारात बसणारीच नाही? आणि नवरा परत आल्यावर माझं शटर पडतं त्याचा माझ्या गुडघ्या-खांद्यांशी संबंध काय? अनुभव असलेल्यांनी सांगावं. "मन मोकळं करा" असं कृपया कुणी लिहू नका.

हसतमुख

एवढा विचार कशाला करायचा? रोज सकाळी वीस मिनिटं डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवा. मला महिनाभरात फरक पडला. शरीर आपोआप बोलायला लागतं.

बेअरिंग

ताई, व्हाउचरांचं मनावर घेऊ नका. मी सहा महिने खोटी रीडिंगं भरली होती.

तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला काढली. चालत्या मोटरवर तळहात ठेवला की कुठलं बेअरिंग जाणार हे मीटर लावायच्या आधी सांगायचो. स्वतःची मात्र काडीची खबर नव्हती. मला थेरपीकडे धाडलं ते दातांच्या डॉक्टरांनी. दाढा घासून सपाट झाल्या होत्या. त्यांनी आरसा धरला आणि विचारलं, "रात्री कुणाला चावता?" मी म्हटलं, मला कसलंच टेन्शन नाही. ते म्हणतानाही माझा जबडा आवळलेला होता. त्यांना दिसत होता, मला पत्ता नव्हता.

काटा शून्यावर असतो तेव्हा दोन शक्यता असतात. एक तर लाइनमध्ये खरंच काही नाही, नाहीतर मीटरची वायर सुटलीय. तुमचं दुसरं असावं, असा माझा अंदाज. वायर सुटलेली असताना "किती व्होल्ट?" असं पुन्हा पुन्हा विचारून काय मिळणार? माझ्या थेरपिस्ट बाईंनी छाती-पोट विचारणं सरळ बंद केलं. कडेकडेने सुरुवात केली. खुर्चीची पाठ कुठे टेकतेय, कुठे टेकत नाही? दोन्ही पायांवर भार सारखा आहे का? कुठला तळवा गरम? याला भावना लागत नाहीत, नुसती तपासणी. ती मला जमायची. डाव्या टाचेवर माझा भारच नसतो, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

तीनेक महिन्यांनी त्यांनी खुर्चीचा प्रयोग केला, तो सविस्तर सांगतो, कारण तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. त्यांची खुर्ची चाकांची. म्हणाल्या, "मी हळूहळू जवळ येते. पुरे वाटलं की थांबा म्हणा." आल्या. मी गप्प. आणखी जवळ आल्या. "चालेल?" "चालेल." शेवटी गुडघ्याला गुडघा लागायला वीतभर अंतर राहिलं, तरी माझं आपलं "चालेल". मग त्यांनी विचारलं, "पाय काय करताहेत?" मी खाली बघितलं. दोन्ही पाय खुर्चीच्या मागच्या पायांना आकडे घालून बसले होते आणि बुटात बोटं आवळलेली. तोंड चालेल म्हणत होतं, पायांनी ब्रेक लावले होते.

मग त्या मागे सरकायला लागल्या. साधारण दीड मीटरवर माझा श्वास आपला आपण पोटापर्यंत गेला आणि जांभई आली. मला वाटलं, झालं, सापडलं अंतर. पण बाई थांबल्या नाहीत, दारापर्यंत मागे गेल्या. आणि माझा घसा दाटून आला हो. जवळ आलेलं नको आणि लांब गेलेलंही नको! त्या दाराशी बसलेल्या आणि मी इकडे रुमाल शोधतोय. नातवाला असं करताना पाहिलं असतं तर लगेच कळलं असतं.

त्यांनी तिथे खोदकाम केलं नाही, हे महत्त्वाचं. "घसा तसाच राहू द्या, आता पायांखालची जमीन बघा." मग खिडकीबाहेर काय दिसतं ते सांगायला लावलं. मग पुन्हा घसा, अर्धा मिनिट. पुन्हा जमीन. पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्स्पिरिअन्सिंग पद्धतीतलं हे तंत्र. अवघड जागा आणि सुखाची जागा यांत लंबकासारखं जायचं-यायचं, आणि अवघड माल एका वेळी थेंबभरच घ्यायचा. मला सुरुवातीला हा वेळकाढूपणा वाटला होता. पण दाबाखालचा व्हॉल्व्ह कुणी एकदम उघडत नाही.

हसतमुख, तुमचा अनुभव खरा असेल, पण श्वासाचं औषध सगळ्यांना मानवत नाही. मला डोळे मिटून श्वास बघायला सांगितलं की धाप लागल्यासारखं व्हायचं. आत लक्ष नेल्यावर काहींची भीती वाढते. ताई, तुम्ही डोळे उघडे ठेवूनच करा.

मितभाषी

काका (चालेल ना?), खुर्चीचं वाचून मी ऑफिसमध्ये आधी टेबलाखाली वाकून माझे पाय बघितले.

एक गोष्ट आधी लिहिली नव्हती, कारण तिचा संबंध असेल असं वाटलं नव्हतं. मी अडीच वर्षांची असताना तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होते. संसर्गाची भीती म्हणून आईला आत सोडत नसत, काचेतून बघायची. मला यातलं काहीही आठवत नाही. पण घरात ही गोष्ट कौतुकाने सांगतात. "किती शहाणी होतीस, अजिबात रडली नाहीस. नर्सबाई म्हणायच्या, असं पेशंट पाहिलं नाही." आणि पुढचं हसत हसत, "घरी आणल्यावर चार दिवस आईकडे गेलीच नाहीस, आजीला धरून बसलीस."

हे टाइप करताना माझे हात गार पडलेत. हे धरायचं का रीडिंगमध्ये?

मधली ओळ

धरायचं, आणि पेनानं लिहून ठेवायचं.

मी बालविकास शिकवते आणि समुपदेशनही करते. तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला राहवलं नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण केलं होतं. छोटं ऑपरेशन, आठ दिवस हॉस्पिटल, आईबाबा फक्त भेटीपुरते. तेव्हाची पद्धतच तशी होती. ती मुलगी आक्रोश करत नाही. ती शहाण्यासारखी वागते, चेहरा आवरते, खेळण्याला घट्ट धरते, आणि दिवसागणिक भेटायला आलेल्या आईशी फटकून राहायला लागते. रॉबर्टसन आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी अशा मुलांत तीन टप्पे मांडले : आधी आकांत, मग हताशा, मग अलिप्तपणा. हॉस्पिटलवाले तिसऱ्या टप्प्याला ‘रुळलं मूल’ म्हणत. रॉबर्टसन यांचं म्हणणं, ते रुळलेलं नाही, त्यानं आशा सोडलीय. ब्रिटनमध्ये १९५९च्या सरकारी अहवालात मुलांना मोकळेपणी भेटू द्या अशी शिफारस झाली, त्यामागे याच कामाचा मोठा हात होता.

आता शरीराकडे येते. मेरी एन्सवर्थ यांनी वर्ष-दीड वर्षाच्या मुलांसाठी एक वीसेक मिनिटांची चाचणी बसवली. आई खोलीतून जाते, परत येते, मूल काय करतं ते बघायचं. काही मुलं रडतात, आई आली की बिलगतात आणि पुन्हा खेळायला लागतात. काही मुलं आई गेली तरी खेळत राहतात आणि ती आली तरी वर बघत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, काय स्वावलंबी पोर आहे! १९७७ साली ॲलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजलेलं काम मांडलं. चेहरा शांत, हात खेळण्यावर, आणि ठोके वाढलेले. आई परत आल्यावरही ते लवकर उतरत नव्हते. रडून आईला बिलगणारी मुलं त्यांच्यापेक्षा लवकर निवत होती.

मितभाषी, त्या मुलांना कुणी विचारलं असतं, "बाळा, कसं वाटतंय?" तर त्यांनीही म्हटलं असतं, काही नाही. आणि ते खोटं नसतं. आपल्या रडण्याने कुणी येत नाही हे कळलं की मूल आधी रडणं थांबवतं आणि मग रडू येतंय ही बातमीसुद्धा वरपर्यंत पोचू देत नाही. त्या वयात याहून चांगली युक्ती नसते. म्हणून ‘तुम्ही या प्रकारात बसत नाही’ असं मला वाटत नाही. उलट नुसत्या बोलण्याच्या थेरपीत तुम्ही फार हुशारीने वर्षभर सुटून गेला असतात.

एक सुचवू का? खोटी उत्तरं दिलीत हे थेरपिस्टना सांगा. कामाला लागण्यासारखं त्याहून मोठं काही तुमच्याकडे आत्ता नाही. आणि शब्दांची घाई करू नका. शिकागोत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्यासोबत काम करणारे युजीन जेंडलिन यांनी थेरपीच्या ध्वनिफिती ऐकून शोधलं होतं, की कुणाला फायदा होतो? फर्डं बोलणाऱ्यांना नाही. जे मध्येच अडतात, "असं नाही... म्हणजे... कसं सांगू" करत शब्द चाचपतात, त्यांना. तुमची बोबडी वळली ना, ती चांगली जागा होती.

तिरकी रेघ

एवढं सगळं जुळून आलं की माझ्या पोटात गोळा येतो. (हे माझं रीडिंग.)

हॉस्पिटलची गोष्ट मलाही लागली. पण अडीच वर्षांच्या वयातले तीन आठवडे आणि आजचं शटर यांत सरळ तार जोडायला मी तयार नाही. मधे तीस-पस्तीस वर्षांचं आयुष्य गेलंय, घरची माणसं आहेत, लग्न आहे, आणि स्वभाव नावाची चीज आहे. लहानपणीची चाचणी आणि मोठेपणीची नाती यांचा संबंध सापडतो, पण लोक समजतात तेवढा घट्ट नसतो. आणि हात गार पडले म्हणजे आठवण खरी असा अर्थ होत नाही. आत्ता ताण आहे, एवढंच ते सांगतात. ‘शरीर कधी खोटं बोलत नाही’ म्हणणाऱ्या थेरपिस्टपासून चार हात लांब राहा. शरीरातली जाणीव हा पुरावा नव्हे. तिच्या जोरावर न आठवणारे प्रसंग ‘शोधून’ काढायला लागलात तर घात होईल.

शरीरावर काम करणाऱ्या थेरपीच्या या शाखेचा इतिहासही माहीत असू द्या. स्नायूंत भावना अडकतात ही कल्पना पहिल्यांदा जोरकसपणे मांडली मनोविश्लेषक विल्हेल्म राइश यांनी, १९३०च्या दशकात. त्याला ते स्नायूंचं चिलखत म्हणत. बारीक निरीक्षण होतं. पुढे त्यांना वैश्विक ऊर्जा सापडली, ती साठवायच्या पेट्या त्यांनी बनवल्या, अमेरिकन सरकारने त्यावर बंदी आणली, पुस्तकं जाळली गेली आणि १९५७ साली ते तुरुंगात वारले. पुस्तकं जाळणं हा निव्वळ नालायकपणा होता, पण पेट्याही थोतांडच होत्या. त्यांचे शिष्य अलेक्झांडर लोवेन यांच्या परंपरेत गादीवर मुठी आपटून राग बाहेर काढायची पद्धत रूढ झाली. २००२ साली मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी सहाशे विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. राग आणणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून पंचिंग बॅग बडवणारे सगळ्यात जास्त रागावलेले राहिले. काहीही न करता गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा बरे होते.

बेअरिंग यांनी सांगितलेल्या पद्धतीचा २०१७चा एक चांगला प्रयोग आहे, आघातोत्तर ताण असलेल्या ६३ लोकांवर. गुण आला. पण तुलना केली ती प्रतीक्षायादीतल्या लोकांशी, दुसऱ्या थेरपीशी नाही. थोडक्यात, आशादायक आहे, सिद्ध झालेलं नाही. व्हेगस नर्व्हच्या (मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी नस) ज्या आकृत्या दाखवून हे सगळं समजावतात, त्यांमागच्या, भीती आणि सुरक्षितपणा या नसेवरून समजावणाऱ्या पॉलिव्हेगल सिद्धांतावर तर शरीरशास्त्राच्या लोकांचे गंभीर आक्षेप आहेत. खुर्चीचा प्रयोग त्या आकृतीशिवायही चालतो.

आणि थेरपिस्टने स्पर्श करायचा असेल तर आधी विचारलं पाहिजे, दर वेळी विचारलं पाहिजे, आणि ‘नको’ म्हटल्यावर कारण मागता कामा नये.

मधली ओळ

स्पर्शाचं आणि आठवणींचं शंभर टक्के मान्य. तारेबद्दल एवढंच, की मी तार जोडली नाही, साम्य दाखवलं. तरी तुमचा इशारा योग्य आहे, मी जरा वाहवत गेले. त्या चाचणीचं लेबल मोठ्या माणसाला चिकटवू नये हे मी वर्गात दर वर्षी सांगते आणि इथे स्वतःच विसरले.

मितभाषी

काल सेशन झालं. लिहिते.

जाऊन बसले आणि पाणी प्यायच्या आधी सांगून टाकलं, की छाती वगैरे सगळं खोटं होतं. मला वाटलं त्या नाराज होतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मीही फार वेळा विचारत होते." मग थोडं थांबून, "मला बरं वाटावं म्हणून उत्तर देत होतात का?" मी हो म्हटलं. यावर आम्ही वीस मिनिटं बोललो. शरीराचा विषयही निघाला नाही.

नंतर त्यांनी एवढंच सुचवलं, की नवरा परत येण्याचा क्षण डोळ्यांपुढे आणायचा, डोळे उघडे ठेवून. लिफ्टचा आवाज, मग बॅगेच्या चाकांचा आवाज. "काही सापडलंच पाहिजे असं नाही." मी चाकांपर्यंत आले. काही नाही. खरंच काही नाही. तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, ठीक. मग म्हणाल्या, "उजवा हात बघा. हलवू नका, नुसता बघा."

अंगठा आत होता. चारी बोटांनी त्याला झाकून मूठ मिटलेली, तान्ही मुलं मिटतात तशी. मी मूठ कधी मिटली मला माहीत नाही. त्यांनी विचारलं, अंगठ्याला तिथे कसं वाटतंय? मी बराच वेळ गप्प होते. मग म्हटलं, "उबदार." बाकी हात गार होता, अंगठा तेवढा उबदार. मला हसू आलं आणि मग बराच वेळ हसू नव्हतं.

तिरकी रेघ, तुमचं वाचून गेले होते म्हणून मुद्दाम विचारलं, हे हॉस्पिटलमुळे का? त्या म्हणाल्या, "असेल, नसेल. अंगठा मात्र आत्ता इथे आहे."

त्यांनी मूठ उघडायला सांगितली नाही. हे मला फार आवडलं.

नवरा गुरुवारी येतोय. रात्री फोनवर त्याला सांगितलं, की पहिले दोन दिवस मी कदाचित बोलणार नाही, ते तुझ्यामुळे नाही, फक्त तू दुसऱ्या खोलीत जाऊ नकोस. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं. किती लांब बसू?"

मी त्याला खुर्चीचं काहीही सांगितलेलं नव्हतं, शपथ.

बेअरिंग

मोजायची टेप काढून ठेवा. शुक्रवारी रीडिंग कळवा.